ठसा न जुळणारा नागरिक

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पुढाकाराने सर डोनल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९८५ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाला. जगातील सुमारे ६० कोटी दूरध्वनींपैकी तीन चतुर्थांश अवघ्या नऊ प्रगत देशांत एकवटले आहेत आणि एकट्या टोकियो शहरातील दूरध्वनी संपूर्ण आफ्रिका खंडातील दूरध्वनींहून अधिक आहेत, हे वास्तव त्या अहवालाने जगापुढे ठेवले. पुढील शतकाच्या आरंभी तरी प्रत्येक माणसाला दूरध्वनी सहज गाठता यावा, असे उद्दिष्ट आयोगाने सुचविले होते. ते त्या वेळी अनेकांना स्वप्नरंजन वाटले असल्यास नवल नाही. परंतु मोबाइल आला आणि तारा, खांब व प्रतीक्षायादी यांची सारी यातायात ओलांडून दूरध्वनी खेड्यापाड्यांत पोहोचला. भारतात पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. त्यानंतरच्या तीन दशकांत घडलेला पालट कोणत्याही नियोजनकाराच्या अपेक्षेपलीकडचा होता.

मग प्रश्न सुटला काय? याच दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील साडेपाच अब्ज माणसे इंटरनेट वापरत होती आणि २ अब्ज ६० कोटी माणसे त्याबाहेर होती. श्रीमंत देशांत वापराचे प्रमाण ९३ टक्के, तर सर्वांत गरीब देशांत ते २७ टक्के होते. दरी आहेच, परंतु तिचा अर्थ पालटला आहे, आणि अधिक चिंतेची गोष्ट ती आहे. १९८५ मध्ये ज्याच्याकडे दूरध्वनी नव्हता, तो एका सोयीला मुकत होता. त्याचे रेशन, त्याची मजुरी, त्याच्या शेतातील पिकाची सरकारदरबारी नोंद यांपैकी काहीही त्या दूरध्वनीवर अवलंबून नव्हते. आज विकसनशील देशांतील शासनसंस्थाच यंत्राच्या पलीकडे जाऊन बसू लागली आहे. अशा वेळी ज्याच्याकडे यंत्र नाही, किंवा ज्याला ते चालविता येत नाही, त्याचा हक्कच धोक्यात येतो. जे साधन होते ते अट झाले, आणि अट कोणी व कोणत्या अधिकारात घातली, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

आकड्यांमागचे अंतर

या प्रश्नाची चर्चा बहुधा मोबाइलधारकांच्या एकूण संख्येपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. देशात शंभर कोटींहून अधिक जोडण्या असताना विषमता कसली, असे विचारले जाते. शहरी भागात दर शंभर माणसांमागे सुमारे १३० जोडण्या आणि ग्रामीण भागात ६० हून कमी, असे २०२४ च्या सुमारास दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे आकडे सांगत होते. शहरातील एका माणसाच्या खिशात दोन जोडण्या असल्या, तर खेड्यातील दुसऱ्या माणसाची उणीव सरासरीत बुजून जाते. माणसाच्या आयुष्यात ती बुजत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भागातील १५ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. संगणक तर ग्रामीण भागात शंभरांतील चार-पाच घरांतच होता. त्यानंतर स्मार्टफोनचा प्रसार झपाट्याने झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु घरात फोन असणे आणि घरातील प्रत्येकाच्या हाती तो असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. सकाळी घरधन्याच्या खिशातून फोन कामावर जातो आणि रात्री परत येतो. मधल्या वेळेत त्या घरातील स्त्रिया, मुले आणि वृद्ध हे पाहणीच्या कोष्टकात 'जोडलेले' आणि प्रत्यक्षात तुटलेले असतात.

स्त्रियांच्या बाबतीत हे अंतर विशेष ठळक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७ टक्के, तर स्त्रियांचे ३३ टक्के आढळले. ग्रामीण स्त्रियांपैकी जेमतेम पाव भागच या वर्तुळात आल्या होत्या. पुढची पिढी हे अंतर आपोआप मिटवील, हा भरवसाही तितकासा पक्का नाही. २०२४ च्या 'असर' पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण २७ टक्के होते. त्याच घरात, त्याच उत्पन्नात, भाऊ-बहिणींत हा भेद पडतो. त्याचे कारण मनोऱ्यांच्या तुटवड्यात शोधून सापडणार नाही.

या अंतराची किंमत काय असते, हे मार्च २०२० नंतर शाळा बंद पडल्या तेव्हा दिसले. त्या वर्षीच्या 'असर' पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६२ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही शिक्षणसाहित्य मिळालेली मुले जेमतेम एक तृतीयांश होती. तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत असे, त्यांचे प्रमाण २०१८ मधील २७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये साडेवीस टक्क्यांवर घसरले. युगांडात तर शाळा जवळजवळ दोन वर्षे बंद राहून जानेवारी २०२२ मध्ये उघडल्या. या हानीला अनेक कारणे होती. परंतु ज्या घरात वेगळी खोली, वेगळा फोन आणि शिकविणारे आईबाप होते तेथे वर्ग चालू राहिला, आणि ज्या घरात यांपैकी काहीच नव्हते तेथे तो बंद पडला, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे.

साधनाची अट होते तेव्हा

लसीकरणाच्या वेळी हाच प्रश्न जिवावर बेतला. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी लस खुली झाली, तेव्हा संगणकावर आगाऊ नोंदणी सक्तीची होती आणि त्या वेळी ती व्यवस्था इंग्रजीत चालत होती. ज्यांची बोटे चपळ आणि जोडणी वेगवान, त्यांना जागा मिळू लागल्या. शहरांतील मंडळी मोटारीने जवळच्या खेड्यांतील केंद्रांवर जाऊन लस घेऊ लागली आणि त्या खेड्यांतील रहिवासी दारात उभे राहून पाहत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या धोरणातील विषमतेवर बोट ठेवले. मराठीसह अन्य भाषांची सोय जूनमध्ये झाली आणि थेट केंद्रावर नोंदणी करण्याचा मार्गही सर्वांना मोकळा झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : अट सैल केल्याने लसीकरण कोसळले नाही, उलट त्यानंतर त्याने वेग घेतला. म्हणजे अट अपरिहार्य नव्हती. ती घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो नागरिक होता, तो त्यांच्यासारखाच होता, एवढेच.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. २०१७ च्या कर्जमाफीसाठी संगणकावर अर्ज भरणे आणि ठसे देणे आवश्यक ठरविण्यात आले, तेव्हा ऐन पावसाळ्यात नवरा-बायको दोघेही केंद्रांसमोर रांगा धरून बसले होते. त्या वर्षीच्या दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली आणि लगोलग याद्यांतील विसंगती बाहेर आल्या. पुढे १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पूर्वी शेतातील पिकाची नोंद करणे हे तलाठ्याचे काम होते. तो बांधावर न जाता चावडीत बसून नोंदी करतो, अशी तक्रार पिढ्यान्‌पिढ्या होती आणि ती बहुतांशी खरीही होती. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घ्यावे, अशी पद्धत आली. ज्याला जमते त्याला ती सोयीची आहे. परंतु ज्याच्याकडे तसा फोन नाही, ज्याच्या शिवारात सिग्नल नाही, त्याचे उभे पीक सरकारी कागदावर नाहीसे होते. आणि कागदावर पीक नसेल तर विमा, भरपाई व हमीभावाची खरेदी यांच्या वाटा अडतात. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीन उत्पादकांना जे अर्थसाहाय्य जाहीर झाले, त्याला प्रारंभी याच नोंदीची अट होती. ओरड झाल्यावर ती शिथिल करावी लागली. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर किंवा मेळघाटात जेथे फोन लावण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, तेथे ओरड करायलाही सिग्नल लागतो, हे मुंबईतील मंत्रालयाला लवकर उमगत नाही.

या साऱ्या प्रकारांत एक समान सूत्र आहे. जे काम शासनाने करावयाचे, ते नागरिकाच्या शिरावर गेले आणि ते न झाल्यास शिक्षाही नागरिकालाच झाली. लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थी स्त्रियांना सप्टेंबर २०२५ मध्ये ओळख-पडताळणी सक्तीची करण्यात आली, तेव्हा स्त्रीच्या आधार क्रमांकाबरोबर पती किंवा पिता यांच्या आधारचीही पडताळणी मागण्यात आली. विधवा, परित्यक्ता आणि घटस्फोटित स्त्रियांनी काय करावे, हा प्रश्न नियम आल्यानंतर उपस्थित झाला; मग सवलती आणि मुदतवाढ आली. जी योजना स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात पैसा जावा म्हणून आखली, तिचा दरवाजा नवऱ्याच्या फोनवर येणाऱ्या आकड्यांनी उघडावा, यातील विसंगती नियम करणाऱ्यांना आधी जाणवली नाही, ही बोलकी गोष्ट आहे.

एकच ठसा, दोन निकाल

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : बोगस नावे गाळायची, दलाल हटवायचे, गळती थांबवायची, तर यंत्राखेरीज इलाज नाही. हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. रेशनचे धान्य काळ्या बाजारात जात होते आणि हजेरीपटावर मृतांची नावे सापडत होती, हे वास्तव आहे. परंतु यंत्राने गळती थांबते काय, हा श्रद्धेचा विषय नसून पडताळणीचा आहे. आणि ती पडताळणी भारतात झालेली आहे.

कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी त्या वेळच्या अखंड आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी व निवृत्तिवेतन बोटांच्या ठशांवर आधारलेल्या कार्डांद्वारे देण्याच्या योजनेचा अभ्यास केला. मजुरी लवकर मिळू लागली, गळती घटली आणि लाभार्थी मोठ्या प्रमाणावर वगळले गेले नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. याच अभ्यासकांनी पुढे झारखंडमधील रेशन दुकानांवरील आधार-पडताळणी तपासली. तेथे पडताळणीने गळतीत लक्षणीय घट झाली नाही. धान्य घेण्यासाठी लाभार्थ्यांना पडणारा खर्च व हेलपाटे मात्र वाढले, आणि ज्यांची आधार-जोडणी आधी झालेली नव्हती त्यांच्या पदरी पडणारे धान्य सुमारे एक दशांशाने घटले. ठसा तोच, देश तोच, अभ्यासकही तेच. निकाल मात्र उलट. आंध्रमध्ये पैसे गावातच, गावातीलच एका स्त्रीच्या हातून मिळत होते आणि ठसा न जुळल्यास मजुराला रिकाम्या हाताने परत पाठविण्याचा आग्रह नव्हता. झारखंडमध्ये न जुळलेल्या ठशाचा अर्थ 'धान्य नाही' असा झाला. आयुष्यभर विटा वाहिलेल्या, माती उपसलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात. ज्याने सर्वाधिक कष्ट केले त्याचाच ठसा यंत्र नाकारण्याची शक्यता अधिक असते.

झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये एक अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. आधारशी जोडले नाही म्हणून तिच्या कुटुंबाचे रेशनकार्ड रद्द झाले होते. मुलगी भुकेने गेली असे घरच्यांनी सांगितले, मलेरियाने गेली असे प्रशासनाने सांगितले. मृत्यूच्या कारणाविषयी वाद झाला; कार्ड रद्द होऊन त्या घरातील धान्य थांबले होते, हे मात्र कोणाला नाकारता आले नाही.

अर्थशास्त्रात अशा योजनांच्या दोन चुका सांगितल्या जातात : अपात्राला लाभ मिळणे आणि पात्राला तो नाकारला जाणे. पहिल्या चुकीत तिजोरीचे नुकसान होते, दुसरीत माणसाचे. पहिल्या चुकीचा हिशेब शासन अभिमानाने मांडते. गाळलेल्या नावांची संख्या आणि वाचलेले कोट्यवधी रुपये जाहिरातींतून झळकतात. दुसऱ्या चुकीची नोंदच ठेवली जात नाही. ठसा जुळला नाही म्हणून दुकानाच्या पायरीवरून परत फिरलेली म्हातारी कोणत्याही रकान्यात येत नाही. उलट तिने न उचललेले धान्य 'बचत' म्हणून जमेला धरले जाण्याचा संभव असतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांचा अभ्यास करताना दाखविले की, माणसे धान्य नसल्यामुळे मरत नाहीत इतकी धान्यावर हक्क सांगता न आल्यामुळे मरतात. गोदामे भरलेली असताना हक्क सांगण्याच्या वाटेवर नवे कुलूप बसविले जात असेल, तर त्या विवेचनाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

मध्यस्थ गेला, मध्यस्थ आला

तंत्रज्ञानाने गरिबाचे भले होतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आल्यानंतर मासेमारांना समुद्रातूनच बाजारांची चौकशी करता येऊ लागली. एका बंदरात मासळी फेकून द्यायची आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या बंदरात ती मिळू नये, हा प्रकार थांबला. मासेमारांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मिळणारी मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त झाली, असे रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ मधील अभ्यासात आढळले. ज्या ग्राहकांकडे फोन नव्हता त्यांनाही त्याचा लाभ झाला. केनियात मार्च २००७ मध्ये सुरू झालेल्या 'एम-पेसा'ने साध्या फोनवरून पैसे पाठविण्याची सोय केली. त्यामुळे सुमारे २ टक्के केनियन कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, असा अंदाज २०१६ मध्ये अभ्यासकांनी मांडला. आपल्याकडे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, तेव्हा कचेरीतील हेलपाटे कमी झाले, हेही नाकारण्याचे कारण नाही.

मात्र यशाची ही उदाहरणे नीट तपासली, तर त्यांत दोन गोष्टी दिसतात. एक, यांपैकी कोठेही सक्ती नव्हती. मासेमाराने फोन घेतला नाही म्हणून त्याला समुद्रात जाण्यास मज्जाव झाला नाही. दुसरी, यंत्राच्या शेजारी माणूस होता. 'एम-पेसा' उभा राहिला तो कोपऱ्याकोपऱ्यावरील दुकानदार-प्रतिनिधींच्या बळावर, आणि तोही महागड्या नव्हे, साध्या फोनवर. महाराष्ट्राने याचा एक धडा वारणानगरात घेतलेला आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक-केंद्रे उभारण्याचा प्रकल्प मोठ्या गाजावाजाने सुरू झाला. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण असे सारे काही त्यातून मिळणार होते. काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाचे वजन आणि बिल यांची माहिती घेण्यापुरता होत असल्याचे दिसले. पुढे काही गावांत तेच काम साध्या मोबाइल संदेशांवर करून पाहण्यात आले आणि ते जमले. संगणक चालला तो तेथे आधीपासून उभ्या असलेल्या सहकारी संघटनेच्या आधाराने. या पाहणीशी संबंधित असलेले केंटारो टोयामा यांनी पुढे असे प्रतिपादन केले की, समाजात जी शक्ती आधीपासून आहे तीच तंत्रज्ञान वाढविते. जेथे संघटना आहे तेथे ते संघटनेला बळ देते, आणि जेथे विषमता आहे तेथे विषमतेला.

म्हणूनच मध्यस्थ हटविण्याच्या वल्गनेकडे सावधपणे पाहिले पाहिजे. गावच्या बाजारपेठेत पाहिले तर जुन्या दलालाच्या जागी नवा आलेला दिसतो. सेतू केंद्र, झेरॉक्सचे दुकान, अर्ज भरून देणारा शिकलेला पोरगा, असे त्याचे रूप आहे. त्यांतले अनेक जण प्रामाणिक आहेत आणि त्यांच्यावाचून योजना चालणार नाहीत. परंतु गरिबाचा आधार क्रमांक, सांकेतिक शब्द आणि बँकेचा तपशील त्यांच्या वहीत असतो; एका अर्जासाठी शुल्क, प्रवासभाडे आणि बुडालेला रोज असा तिहेरी खर्च पडतो; आणि 'सर्व्हर बंद आहे, उद्या या' हे ऐकून परतताना माणसाला आपण अडाणी असल्याची जी जाणीव होते, तिचा हिशेब कोठेच लागत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्याला एकेकाळी पत्र वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागे. साक्षरतेच्या चळवळीने ते पारतंत्र्य कमी केले. आता पदवीधरालाही आईवडिलांचा अर्ज भरताना घाम फुटावा, अशी नवी निरक्षरता निर्माण झाली आहे.

राजकारणावरील सावली

सामाजिक परिणामांइतकेच राजकीय परिणामही दूरगामी आहेत. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या योजनेत भ्रष्टाचार नव्हता असे नाही. परंतु मजुराला जाब विचारण्यासाठी समोर एक माणूस होता. मजुरी थकली की बायाबापड्या मोर्चा घेऊन तहसीलदाराच्या कचेरीवर जात आणि त्याला बाहेर येऊन उत्तर द्यावे लागे. गरिबांच्या लोकशाहीचे ते एक हत्यार होते. राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामांवर जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरील छायाचित्राने दिवसातून दोनदा हजेरी घेण्याची सक्ती झाली. छायाचित्र चढले नाही तर दिवसभर खपूनही हजेरी लागेना. मजुराने जाब कोणाला विचारावा? ग्रामसेवक म्हणतो, यंत्रणा वरून आहे; तालुका म्हणतो, जिल्ह्याला कळविले आहे; जिल्हा दिल्लीकडे बोट दाखवितो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला; त्यातही यांत्रिक देखरेखीवरचा भर कायम आहे. सर्व्हरला घेराव घालता येत नाही. जबाबदारीच विरघळून गेली, तर लोकांच्या असंतोषाला दिशा उरत नाही, आणि दिशाहीन असंतोष कोणत्याही बाजूला वळविता येतो.

अर्धवट जोडणीचेही स्वतंत्र संकट आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी भिक्षेवर पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. या अफवा मोबाइलवरील संदेशांतून फिरत होत्या. ज्या गावात वर्तमानपत्र पोहोचत नाही, खरेखोटे तपासण्याचे साधन नाही, तेथे फिरता संदेश मात्र पोहोचला होता. मारणारे गरीब होते आणि मरणारे त्यांच्याहून गरीब, गावगाड्याबाहेरचे भटके होते. म्यानमारमध्ये बहुसंख्य लोकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट होते. रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष पसरविण्यात त्याचा मोठा वाटा होता, असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०१८ मध्ये म्हटले. गरिबांना इंटरनेटचा एक तुकडा फुकट द्यावा, ही कल्पना भारतातही मांडली गेली होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावाच्या दरांना मनाई करून ती रोखली, हा निर्णय दूरदृष्टीचा होता.

आणि ज्या शासनाने सर्व व्यवहार जोडणीवर आणले, तेच शासन वेळप्रसंगी जोडणी तोडते. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट बंद झाले. वेगवान सेवा पूर्णपणे सुरू व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात देशभर शाळा संगणकावर भरत असताना तेथील विद्यार्थी सर्वांत मंद जोडणीवर अभ्यास करीत होते. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत बंदी घटनेत बसत नाही असे स्पष्ट केले. तरीही मणिपुरात मे २०२३ पासून अनेक महिने हाच प्रकार घडला. शांतता राखण्याची शासनाची अडचण समजण्याजोगी आहे. परंतु मजुरी, धान्य, औषध आणि परीक्षा ज्या दोरीला बांधले, ती दोरी एका आदेशाने कापता येते, हे लक्षात घेतले, तर पर्यायी वाट ठेवणे किती निकडीचे आहे ते कळेल.

काय करता येईल

यावर उपाय म्हणून मनोरे आणि तारा वाढवा, असे सांगणे सोपे आहे. ते काम झालेच पाहिजे. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि तिच्या मुदती वारंवार पुढे ढकलल्या गेल्या, हे भूषणावह नाही. परंतु शेवटच्या पाड्यापर्यंत तार पोहोचेतो हक्क थांबवून ठेवता येणार नाहीत. त्यासाठी पहिली गोष्ट कायद्याने करावी लागेल : जोडणी नाही, यंत्र बिघडले किंवा ठसा जुळला नाही, या कारणास्तव कोणत्याही नागरिकाला अन्न, मजुरी, निवृत्तिवेतन, औषधोपचार वा शिक्षण नाकारता येणार नाही, कागदावरचा आणि माणसाकरवीचा मार्ग प्रत्येक योजनेत खुला राहील, आणि तो नाकारणारा अधिकारी दंडास पात्र ठरेल. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अशी तरतूद करता येण्याजोगी आहे. दुसरी गोष्ट हिशेबाची. गाळलेल्या बोगस नावांबरोबर नाकारलेल्या खऱ्या नावांचा आकडाही दर वर्षी विधिमंडळापुढे आला पाहिजे. जी चूक मोजली जात नाही, ती सुधारली जात नाही.

तिसरी गोष्ट सामायिक सोयीची. १९८० च्या दशकात सॅम पित्रोदा आणि सी-डॉट यांच्या प्रयत्नांतून नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांची सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे उभी राहिली. घरोघरी फोन देणे तेव्हा शक्य नव्हते. पण प्रत्येकाच्या चालण्याच्या अंतरावर एक फोन आणि तो लावून देणारा एक माणूस ठेवणे शक्य होते. अनेक केंद्रे अपंग व्यक्तींना चालविण्यास दिल्यामुळे त्यांना रोजगारही मिळाला. ग्रामपंचायत, सार्वजनिक वाचनालय आणि शाळा यांना ते काम आज देता येईल. तेथे मराठीतून, आणि आदिवासी भागात त्यांच्या बोलीतून, विनामूल्य साहाय्य करणारा पगारी माणूस नेमावा लागेल. शासन आपल्या सोयीसाठी यंत्र आणते, तेव्हा त्या यंत्राजवळ बसणाऱ्या माणसाचा पगारही शासनानेच सोसला पाहिजे.

न्यायालयांनी या दिशेने पावले टाकली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या अर्जावर इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंध व्यक्ती आणि आम्लहल्ल्यात चेहरा विद्रूप झालेल्या व्यक्ती यांच्या प्रकरणात, डिजिटल सेवा गाठता येणे हा जीवनाच्या हक्काचा अंगभूत भाग असल्याचा निर्वाळा दिला. पापण्यांची उघडझाप करून दाखवा, अशी अट डोळेच गमावलेल्या माणसाला घालणारी व्यवस्था न्यायालयाला बदलावयास सांगावी लागली! परंतु हक्काला मान्यता मिळाली तरी त्याच्या दुसऱ्या बाजूचाही विचार हवा. इंटरनेट मिळण्याचा हक्क जसा नागरिकाला आहे, तसाच ते नसतानाही नागरिक म्हणून वागविले जाण्याचा हक्क त्याला आहे.

घटनासमितीपुढील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत देश प्रवेश करीत आहे आणि ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीच धोक्यात येईल. मतपेटीपाशी तेव्हा आणि आजही प्रत्येकाचे मूल्य एक आहे; तेथे निरक्षराच्या अंगठ्याला कोणी परत पाठवीत नाही. निवडणुकीत ज्याचे बोट शाई लावून सन्मानाने स्वीकारले जाते, त्याच बोटाला रेशनच्या दुकानात यंत्र नाकारीत असेल, तर चूक त्या बोटाची समजायची की यंत्र आणणाऱ्या व्यवस्थेची, याचे उत्तर निवडून आलेल्यांनी द्यावयाचे आहे. ते उत्तर त्यांच्याकडून मागून घेणे हे शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांचे काम आहे. कारण ज्यांना ते सर्वाधिक हवे आहे, त्यांचा आवाज अजून जोडला गेलेला नाही.